लाईनमनची ऑर्डर म्हणून दीड लाख घेतले आणि बिनपरमिटचं खांबावर चढवलं

आयटीआय वायरमन नाहीतर इलेक्ट्रिशियन करून लाईनमनच्या भरतीची वाट बघत बसलेल्या पोरांसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी लिहितोय. जरा लांबेल पण पूर्ण वाचा, कारण ज्यानं आम्हाला फसवलं तो अजून मोकळा फिरतोय आणि नवीन जाहिरात निघाली की हाच धंदा परत चालू करणार. तक्रार दिलेली आहे म्हणून त्याचं नाव इथं लिहीत नाही.

मी नांदेड जिल्ह्यातला. इलेक्ट्रिशियन ट्रेड दोन वर्षं केला, अप्रेंटिसशिप एका कारखान्यात झाली त्यामुळे मोटर, पॅनेल, वायरिंग यावर हात बसलेला पण लाईनवर कधी काम केलेलं नव्हतं. महावितरणची विद्युत सहाय्यकची, म्हणजे लाईनमनच्या सुरुवातीच्या पदाची, ५३४७ जागांची जाहिरात डिसेंबर २०२३ ची, त्याचे फॉर्म २०२४ मध्ये भरले. मी पण भरला. फॉर्मला काय लागलं तर खुल्या वर्गाला २५० रुपये अधिक जीएसटी, मागासवर्गीयांना त्याच्या निम्मे, बस. पण फॉर्म भरून झाल्यावर परीक्षेची तारीखच येईना. आज येईल उद्या येईल करत महिने गेले, घरात रोज तोच विषय, शेजारचे विचारणार काय झालं रे तुझ्या बोर्डाच्या नोकरीचं. हे दलाल लोक याच गॅपमध्ये घरात शिरतात. जाहिरात निघते तेव्हा नाही, निकाल लागतो तेव्हा पण नाही, मधल्या काळात, जेव्हा कोणालाच काही कळत नसतं.

आमच्याकडं तो पाहुण्यांच्या ओळखीनं आला. चांगले कपडे, गाडीवर पाटी, बोलणं एकदम गोड. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, म्हणाला, काका, पोरगं हुशार आहे पण नुसत्या हुशारीवर आता काय होत नाही, वर फाईल हलवावी लागते, माझं सगळं सेटिंग लागलेलं आहे, या भागातली किती पोरं मी लावलीत विचारा कोणालाही. आणि खरंच दोन नावं सांगितली, ती पोरं खरंच नोकरीला होती. साडेचार लाखाचा आकडा, दीड लाख आधी, बाकीचे ऑर्डर हातात आल्यावर, आणि काम नाही झालं तर सगळे पैसे परत, तसं स्टॅम्पपेपरवर लिहून देतो म्हणाला. दिलं पण लिहून, फक्त त्यावर हातउसने घेतले असं लिहिलं, नोकरीचा शब्दसुद्धा नाही. सोबत माझ्या दहावी-बारावीच्या ओरिजिनल मार्कशीट, आयटीआयचं सर्टिफिकेट आणि अण्णांच्या सहीचा कोरा चेक व्हेरिफिकेशनसाठी म्हणून ठेवून घेतला. घरातलं सोयाबीन विकून आणि आईची पोत गहाण ठेवून पैसे उभे केले होते.

ती दोन पोरं कशी लागली हे मला फार नंतर समजलं, पोलीस स्टेशनच्या बाहेर आम्ही फसलेले सगळे एकमेकांशी बोललो तेव्हा. नीट वाचा, यातच सगळी गोम आहे. हा माणूस एका भरतीला पंचवीस-तीस जणांकडून पैसे घेतो. करत काहीच नाही. परीक्षा कॉम्प्युटरवर होते, १५० मार्कांची, त्यातले ११० मार्क नुसते आपल्या ट्रेडच्या विषयाचे, इंटरव्ह्यू नाही काही नाही, यात हा बाहेरचा माणूस करणार काय. पण तिसातले दोन-चार जण स्वतःच्या अभ्यासावर लागतातच ना. ते लागले की हा त्यांच्या घरी पेढे घेऊन जातो, बघा म्हणलं होतं ना, आणि राहिलेले पैसे घेऊन येतो. ज्यांचं नाव लागत नाही त्यांना वर्ष-सहा महिने फिरवतो, कोणी फारच मागं लागला तर थोडे थोडे परत करतो. पोरगं रात्रंदिवस अभ्यास करून लागतं आणि घरचे आयुष्यभर समजतात की त्या साहेबानं लावलं. २०१९ च्या भरतीतल्या एका पोरासोबत हेच झालंय, त्यानं स्वतःच्या मार्कांवर लागूनसुद्धा बाकीचे पैसे नेऊन दिले आणि त्याचंच नाव आम्हाला पुरावा म्हणून सांगितलं गेलं. त्या पोराची यात काहीच चूक नाही, त्याला तर दुहेरी लुटलं.

माझ्या वेळेस परीक्षाच लांबली म्हणून त्यानं नवीन गोष्ट काढली. म्हणाला भरतीची वाट कशाला बघतो, डायरेक्ट कोट्यातून ऑर्डर काढलीय. आणि लेटर आणून दिलं. ते लेटर माझ्याकडं अजून आहे, त्यात काय काय होतं ते सांगतो म्हणजे तुमच्याकडं असलं आलं तर लगेच कळेल. वर मोठ्या अक्षरात महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ. आता आपण गावात सगळे बोर्ड, एमएसईबीच म्हणतो, पण ते मंडळ २००५ लाच मोडलं आणि महावितरण, महापारेषण, महानिर्मिती अशा वेगळ्या कंपन्या झाल्या, त्यामुळे खऱ्या ऑर्डरवर मंडळाचं नाव येणारच नाही. पद लिहिलेलं लाईनमन, कायम. खरं तर सुरुवातीचं पद विद्युत सहाय्यक असतं, तीन वर्षांचं कंत्राट, त्या २०२३ च्या जाहिरातीत पहिल्या वर्षी महिना १५ हजार मानधन, मग १६, मग १७, आणि तीन वर्षं नीट गेली की मग तंत्रज्ञ म्हणून नियमित वेतनश्रेणी. पहिल्या दिवसापासून कायम आणि तीस हजार पगार असं कुठंच नसतं. खाली उत्तर द्यायला जीमेलचा पत्ता. शिक्का इतका गडद आणि सरळ की प्रिंटरमधून आलेला दिसत होता. आणि शेवटी ओळ, ट्रेनिंग किट व ओळखपत्रासाठी १८ हजार रुपये जमा करावेत. ते पण भरले, फोनपेवर. तेच एक पुढं उपयोगी पडलं.

ट्रेनिंग एका लॉजच्या हॉलमध्ये. आम्ही बाराएक जण, त्यातल्या काही जणांनी आयटीआय केलेलंच नव्हतं, त्यांना सहा महिन्यांचं सर्टिफिकेट काढून देतो म्हणून वेगळे पैसे घेतलेले. भरतीला दोन वर्षांचा वायरमन नाहीतर इलेक्ट्रिशियन ट्रेड लागतो, असल्या सर्टिफिकेटला तिथं कोण विचारतंय. हॉलमध्ये एका माणसानं चार दिवस फळ्यावर ओहमचा नियम शिकवला, पिवळं हेल्मेट आणि गळ्यात घालायचं कार्ड दिलं, आणि आता प्रोबेशन म्हणून आम्हाला एका ठेकेदाराच्या गँगवर सोडलं. त्या ठेकेदाराला फुकट मजूर मिळाले, आमच्या हातावर महिन्याचे सहा हजार टिकवायचे, ते पण रोख. पीएफ नाही, ईएसआय (कामगार विमा) नाही, कुठं सही नाही. उद्या काही झालं असतं तर हा पोरगा आमचा नाहीच म्हणायला ते मोकळे. पैशापेक्षा मला याचा जास्त राग आहे.

एका दिवशी पावसाळ्याआधीची कामं चालू होती, ११ केव्हीच्या (अकरा हजार व्होल्टच्या) खांबावरचा पिन इन्सुलेटर बदलायचा होता. मुकादम म्हणाला लाईन बंद आहे, चढ. कमरेला सेफ्टी बेल्ट म्हणून नायलॉनची दोरी, हातात घरगुती वायरिंगचे ग्लोव्हज. मी निम्म्यावर गेलो असेल तेवढ्यात त्या सेक्शनचे एक वयस्कर लाईनमन मोटरसायकलवरून आले आणि खालूनच ओरडले, ए पोरा, खाली उतर आधी, परमिट कोणाच्या नावावर हाय? मुकादम म्हणाला, मामा लाईन बंदच हाय की. ते म्हणाले, शेतीचा फीडर हाय हा, टायमानं बंद हाय, तुमच्यासाठी बंद नाही, टाईम झाला की उपकेंद्रातला ऑपरेटर लाईन चालू करणार, त्याला काय माहीत हे लेकरू वर हाय.

मी उतरलो. पाय कापत होते.

मग त्यांनी मला बाजूला झाडाखाली बसवलं आणि जे हॉलमध्ये कोणी सांगितलं नव्हतं ते सांगितलं. आधी उपकेंद्रातून शटडाऊन घ्यायचा, परमिट म्हणजे त्या बंद लाईनवर काम करायची लेखी परवानगी, ती ज्याच्या नावावर आहे तो माणूस कामाच्या जागी हजर पाहिजे आणि त्यानं परमिट परत केल्याशिवाय लाईन चालू होत नाही. एबी स्विच (लाईन तोडायचा खांबावरचा स्विच) उघडला तरी तीन्ही ब्लेड सुटले का हे डोळ्यानं बघायचं, कधीकधी एक अडकून राहतं. मग ११ केव्हीच्या टेस्टरनं तपासायचं, घरातल्या नाही. मग डिस्चार्ज रॉड टाकून तारा अर्थ करायच्या, म्हणजे जमिनीला जोडायच्या, आणि त्या पण कामाच्या दोन्ही बाजूंनी, कारण कोणाच्या घरातला जनरेटर नाहीतर इन्व्हर्टर चुकीचा जोडलेला असला तर करंट उलटा डीपीतून (ट्रान्सफॉर्मरमधून) वर येतो आणि बंद लाईनवर माणूस जातो. हे सगळं झाल्यावर बेल्ट बांधून चढायचं. नंतर त्यांनी माझं कार्ड आणि मोबाईलमधला लेटरचा फोटो बघितला, काहीच बोलले नाहीत थोडा वेळ, मग म्हणाले, बाळा हे खोटं हाय, उद्यापासून येऊ नको. त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही.

घरी सांगितल्यावर अण्णा त्या दलालाकडं गेले. आधी म्हणाला थोडं थांबा, मग फोन उचलणं बंद, आणि शेवटी धमकी, तुम्ही नोकरीसाठी पैसे दिलेत म्हणजे तुम्ही पण आत जाल, आणि चेक माझ्याकडं आहे हे लक्षात ठेवा. या धमकीला घाबरूनच बहुतेक लोक गप्प बसलेत. आम्ही पहिल्यांदा बँकेत जाऊन त्या चेकचं पेमेंट थांबवायचा अर्ज दिला, त्याची पोच घेतली, मग तालुक्यातल्या ओळखीच्या वकिलांना सोबत घेऊन पोलीस स्टेशनला गेलो. फसवणुकीचं कलम आता भारतीय न्याय संहितेचं ३१८ आहे, लोक अजून चारशेवीसच म्हणतात. नुसतं तोंडी सांगून भागत नाही, लेखी तक्रार द्या आणि शिक्का मारलेली प्रत मागून घ्या. आमच्याकडं स्टॅम्पपेपर होता, फोनपेची हिस्ट्री होती, लेटर होतं, कॉलचं रेकॉर्डिंग होतं. दीड लाख रोख दिलेले त्याला बँकेचा पुरावा नाही, म्हणून तो हातउसन्याचा कागदच कामाला आला. ज्यांचे पैसे ऑनलाईन आत्ताच गेलेत त्यांनी एक मिनिट न थांबता १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला, फोन करा, जितका उशीर तितके पैसे पुढच्या खात्यात सरकतात. माझ्या केसमध्ये फार वेळ गेला होता.

कोणी ऑर्डर आणून दिली तर ती घेऊन सरळ महावितरणच्या आपल्या जवळच्या विभागीय नाहीतर मंडळ (सर्कल) कार्यालयात जा आणि आस्थापना शाखेत दाखवा, दहा मिनिटांचं काम आहे. दलाल म्हणेल, ‘तिथं जाऊ नका, नाव फुटेल, ऑर्डर कॅन्सल होईल.’ ऑर्डर खरी असेल तर ती आपल्याच ऑफिसात दाखवल्यानं कॅन्सल कशी होईल, एवढंच त्याला विचारा. भरतीच्या जाहिराती, तारखा, निवड यादी सगळं महावितरणच्या वेबसाईटवर येतं, ग्रुपवर फिरणारी पीडीएफ धरू नका. आणि लाईनवरचं काम शिकायचंच असेल तर सरकारी अप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदणी करून अप्रेंटिस म्हणून जा, त्यात पैसे द्यावे लागत नाहीत, उलट स्टायपेंड मिळतो, आणि खऱ्या माणसांच्या हाताखाली शिकायला मिळतं. ठेकेदाराकडं कामाला लागायला पण हरकत नाही, हजारो पोरं करतायत आणि इमानदारीनं करतायत, फक्त पीएफचा नंबर, ईएसआय आणि बँकेत पगार हे तिन्ही पहिल्या महिन्यात मागा. नाही म्हणाला तर त्याच दिवशी निघा.

ओरिजिनल कागदं त्यानं अजून दिलेली नाहीत. दहावी-बारावीच्या डुप्लिकेट मार्कशीटसाठी मी शाळा-कॉलेजमार्फत लातूर बोर्डाकडं अर्ज केला, आयटीआयच्या सर्टिफिकेटसाठी आमच्या आयटीआयच्या ऑफिसनं मदत केली. तेव्हा कागदं अडकलीत म्हणून कोणी त्याच्या तालावर नाचत असेल तर त्याची काही गरज नाही.

आमच्या बाराएक जणांपैकी अर्धे अजून जबाब द्यायला पुढं आलेले नाहीत, कोणाचं लग्न जमायचंय, कोणाच्या वडिलांना गावात तोंड दाखवायची लाज वाटते. मला कळतंय. पण एकट्याच्या तक्रारीला तो हातउसने म्हणून उडवून लावतोय आणि दहा जणांचं हातउसनं एकाच महिन्यात एकाच शब्दात लिहिलेलं निघालं तर त्याला तसं म्हणता येणार नाही. नांदेड, हिंगोली, परभणी, लातूर कडच्या कोणाकडं असला स्टॅम्पपेपर किंवा असलं लेटर असेल तर जुने मेसेज डिलीट करू नका, झेरॉक्स काढून ठेवा आणि मला कळवा, पोलीस स्टेशनला आपण सोबत जाऊ.