टेस्ट मेल पोचला म्हणून पैसे देऊ नका

डेबियन लिनक्सच्या सर्व्हरवर पोस्टफिक्स (मेल पाठवणारा-घेणारा प्रोग्रॅम) आणि डव्हकॉट (मेलबॉक्स आणि लॉगिन सांभाळणारा) बसवून तुमचा मेल सर्व्हर उभा करून देणारा शेवटी एक टेस्ट मेल पाठवतो, तो इनबॉक्समध्ये दिसतो आणि उरलेले पैसे घेऊन गडी मोकळा होतो. आत काय करून ठेवलंय ते कळतं रांगेत हजारो अनोळखी मेल तुंबल्यावर.

सर्रास दिसणारा प्रकार म्हणजे ओपन रिले. डव्हकॉटमार्फत लॉगिन जुळवायला डोकं लावावं लागतं. ते टाळायला मेन.सीएफ या पोस्टफिक्सच्या सेटिंग फाइलमध्ये मायनेटवर्क्सपुढे (विश्वासातल्या पत्त्यांची यादी) ०.०.०.०/०, म्हणजे सगळे पत्ते, लिहून टाकतात. मग पोस्टफिक्स अख्ख्या जगाला घरचं समजतं आणि पासवर्ड न विचारता कुणाचाही मेल कुठंही पाठवतं. टेस्ट मेल अर्थातच झकास जातो. डोमेनच्या नावानं कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात ते सांगणाऱ्या एसपीएफ नोंदीच्या शेवटी +ऑल घातलं की तिथंही 'पास' दिसतं, कारण त्याचा अर्थच 'आमच्या नावानं कुणीही पाठवा'. तिथं -ऑल (बाकीचे नाकारा) किंवा निदान ~ऑल (बाकीचे संशयित धरा) हवं.

रिलेची तपासणी बाहेरच्या नेटवर्कवरूनच करा. सर्व्हरवर बसून चाचणी केली तर लोकल म्हणून मेल एरवीही स्वीकारला जातो, त्यातून काही कळत नाही. टेलनेट या कमांडनं सर्व्हरच्या पोर्ट २५ ला (मेल घेण्याचं दार) जोडा (बऱ्याच घरगुती जोडण्यांवर बाहेर जाणारं २५ बंद असतं, मग दुसरा सर्व्हर वापरा) आणि लॉगिन न करता आरसीपीटी टू (मेल कुणाला, ते सांगणारी ओळ) मध्ये परक्या डोमेनचा पत्ता द्या. ५५४ किंवा ४५४ आणि 'रिले ॲक्सेस डिनाइड' आलं तर ठीक. २५० (म्हणजे 'स्वीकारलं') आलं तर पैसे रोखा.

दुसरा डल्ला यानंतर पडतो. सर्व्हरचा आयपी पत्ता स्पॅमहाउस या स्पॅम पाठवणाऱ्यांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या यादीत जातो आणि तोच माणूस 'नाव काढून देतो' म्हणत वेगळी फी मागतो. स्पॅमहाउस नाव काढायला एक पैसाही घेत नाही. फक्त आधी रिले बंद करा, नाहीतर आयपी परत यादीत जाईल.

सगळ्यात वाईट प्रकार मात्र आवाज न करणारा. पोस्टकॉन्फ -एन (पोस्टफिक्सच्या बदललेल्या सेटिंग्ज दाखवणारी कमांड) चालवून बघा: ऑलवेज_बीसीसी पुढे अनोळखी पत्ता असेल, तर येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक मेलची प्रत तिकडे जातेय. ठरावीक पाठवणाऱ्या-घेणाऱ्यांच्या मेलच्या प्रती पाठवणारे सेंडर_बीसीसी_मॅप्स आणि रेसिपिएंट_बीसीसी_मॅप्सही बघा. रूटच्या (मुख्य खात्याच्या) ऑथराइज्ड_कीज फाइलमधली, पासवर्डशिवाय आत येऊ देणारी परकी की काढा. डोमेनचं खातं त्या बसवून देणाऱ्याच्या ईमेलवर उघडलेलं असेल, तर ते आपल्या नावावर आल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका. एमएक्स (डोमेनचे मेल कुठल्या सर्व्हरकडे जायचे ती नोंद) बदलायला त्याला तुमचा सर्व्हर लागतच नाही.