आमच्या कोपऱ्यावरच्या टॅक्सवाल्या काकांचा अनुभव

मार्चमध्ये आयकर खात्याची ईमेल आली: कलम १४३(१)ची इंटिमेशन (रिटर्न तपासून पाठवलेली सूचना), ३८,४२० रुपये भरा. पगारातून दर महिन्याला टीडीएस, म्हणजे कर, आधीच कापला जातो, मग हे कुठून आलं? भीतीने मी भरूनच टाकणार होते, पण शेजारच्या वहिनींनी या काकांकडे पाठवलं.

ऑफिस म्हणजे झेरॉक्सच्या दुकानामागची एक खोली. काकांनी चहा मागवला, माझा फॉर्म १६ (कापलेल्या कराचा कंपनीचा दाखला) आणि २६एएस (माझ्या पॅनवर जमा कराची आयकर खात्याकडची नोंद) शेजारी ठेवून पेन्सिलीने एकेक ओळ जुळवली. जानेवारी ते मार्चचा टीडीएस २६एएसमध्ये नव्हताच. कंपनीने त्या तिमाहीच्या विवरणात माझ्या पॅनचं एक अक्षर चुकवलं होतं! "पैसे भरायचे नाहीत. पण गप्पही बसायचं नाही, ३० दिवसांनंतर महिन्याला एक टक्का व्याज चढतं," असं म्हणत त्यांनी पोर्टलवर मागणी अमान्य असल्याचा प्रतिसाद तिथल्या तिथे नोंदवला.

कंपनीच्या अकाउंट्सकडून दुरुस्त विवरण भरून घ्यायला मात्र मलाच पाच फोन करावे लागले. २६एएसमध्ये रक्कम दिसल्यावर काकांनी कलम १५४ खाली दुरुस्तीचा अर्ज टाकला. मागणी शून्य झाली.

फी अडीच हजार. सहाची वेळ देऊन सातला उगवतात आणि पावती दोनदा मागावी लागली, म्हणून एक तारा कापला. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात मात्र जाऊ नका, जिन्यापर्यंत रांग असते.