डिफर झालेल्या अर्जासाठी खासगी समुपदेशक: पैसे नेमके कशाचे मोजावेत?

अमेरिकेतील महागड्या खासगी विद्यापीठांकडे ‘अर्ली डिसिजन’ने, म्हणजे प्रवेश मिळाल्यास तेथेच जाण्याचे बंधन स्वीकारून लवकरच्या फेरीत, अर्ज करणाऱ्या मुलांना डिसेंबरच्या मध्यावर तीनपैकी एक उत्तर मिळते: प्रवेश, नकार किंवा ‘डिफर’, म्हणजे अर्ज बाद न करता नियमित फेरीत पुन्हा पाहण्याचे आश्वासन. आमच्या मुलीला तिसरे उत्तर मिळाले, तेव्हा साताऱ्याहून तिच्या आजोबांनी फोनवर विचारले, “म्हणजे एटीकेटी का?” एटीकेटीत निदान कोणता विषय राहिला ते तरी कळते, विद्यापीठाच्या या पत्रात कारणाचा एक शब्दही नसतो. त्या अनिश्चिततेत जो बाजार उभा राहिला आहे, त्यातील एका सेवेचे हे परीक्षण आहे. न्यू जर्सीत आमच्या एडिसनच्या आसपास डिफर झालेल्या मुलांसाठी वेगळे ‘पॅकेज’ विकणारे खासगी समुपदेशक बरेच आहेत. आम्ही घेतलेल्या सेवेचे नाव येथे देत नाही, कारण जे गुणदोष सांगायचे आहेत ते एकट्या तिचे नाहीत.

पॅकेजची किंमत १,८०० डॉलर होती. त्यात मूळ अर्जाची तपासणी, विद्यापीठाला पाठवायच्या पत्राचे संपादन, उरलेल्या कॉलेजांच्या यादीची फेरमांडणी आणि मार्चअखेरपर्यंत ईमेलने शंकानिरसन एवढे अंतर्भूत होते. आमच्या समुपदेशक बाई पूर्वी एका कॉलेजच्या प्रवेश कार्यालयात अर्ज वाचण्याचे काम करीत असत, आणि जाहिरातीत सर्वांत मोठ्या अक्षरांत तेच छापले होते. शेजारीच डिफर झालेल्या किती टक्के मुलांना पुढे प्रवेश मिळाला याचा एक चकचकीत आकडाही होता. तो एकूण किती मुलांपैकी, आणि त्या मुलांना या सेवेविना प्रवेश मिळाला नसता हे कशावरून, असे विचारल्यावर उत्तर गुळमुळीत मिळाले. एक गोष्ट मात्र त्यांच्या बाजूने नोंदवली पाहिजे, ती अशी की त्यांनी प्रवेशाची हमी दिली नाही. स्वतंत्र समुपदेशकांच्या ज्या व्यावसायिक संघटना आहेत, त्यांच्या आचारसंहितेत अशी हमी देणे बसतच नाही. रिक सिंगर नावाच्या समुपदेशकाने चालवलेला प्रवेशघोटाळा २०१९ मध्ये उघडकीस आल्यानंतर तर हमी देणाऱ्याच्या पायरीवर पालकांनी उभेही राहू नये.

जाहिरातीचा सारा भर पत्रावर होता, आणि प्रत्यक्षात तेच या सेवेचे सर्वांत कमकुवत अंग निघाले. डिफर झाल्यावर विद्यार्थ्याने आपला रस कायम असल्याचे कळवणारे, नोव्हेंबरनंतर काय नवे घडले ते सांगणारे एक पानी पत्र पाठवायचे असते. मुलगी शाळेच्या चमूबरोबर रॅरिटन नदीच्या पाण्याची मोजमापे घेते. तिने इंग्रजीत लिहिलेल्या कच्च्या मसुद्यात साधारण असे होते: थंडीने आमचा सेन्सर गोठला, बरेच आकडे हातचे गेले, म्हणून आम्ही तो शाळेच्या उपाहारगृहाच्या फ्रीजरमध्ये ठेवून कोणत्या तापमानाला बंद पडतो ते पाहिले. संपादन होऊन मसुदा परत आला तेव्हा फ्रीजर गायब झाला होता आणि त्याच्या जागी ‘पर्यावरणीय शाश्वततेविषयीची माझी बांधिलकी अधिक दृढ झाली’ अशा अर्थाचे वाक्य आले होते, जे त्या हंगामात देशभरातील कोणाही मुलाच्या पत्रात सहज खपले असते. मुलीने फ्रीजर परत आणला, बांधिलकी काढून टाकली आणि पत्र तसेच पाठवले. सतरा वर्षांच्या मुलीचे पत्र सतरा वर्षांच्या मुलीने लिहिल्यासारखे वाटावे, ही अपेक्षा १,८०० डॉलरच्या सेवेकडून फार नव्हती.

शिवाय पत्राने फार मोठा फरक पडतो असे मानण्याचे कारणही नाही. या टप्प्यावर सर्वांत वजनदार नवा कागद म्हणजे बारावीच्या पहिल्या सत्राचे गुण, आणि ते शाळेचा काउन्सेलर ‘मिडइयर रिपोर्ट’मधून विनामूल्य पाठवतो. विद्यापीठांच्या रीतीही सारख्या नाहीत. कोणी पोर्टलवर एकच पत्र स्वीकारते, कोणी काहीही पाठवू नका असे स्पष्ट सांगते, तर एमआयटीसारखी संस्था नव्या माहितीसाठी फेब्रुवारीत भरायचा स्वतःचाच फॉर्म देते. तेव्हा पहिले काम म्हणजे डिफरचे पत्र पुन्हा शांतपणे वाचणे. बाईंनी पहिल्या भेटीत ते आमच्याकडून मोठ्याने वाचून घेतले, तेव्हा चिडलो होतो. पण अधिक शिफारसपत्रे पाठवू नयेत हे त्यात लिहिलेले आमच्या नजरेतून निसटले होते, हेही खरे.

येथून या सेवेची जमेची बाजू सुरू होते. आपल्या माणसांना अशा वेळी पहिली आठवण वशिल्याची होते. महाराष्ट्र मंडळातील एका स्नेह्यांचे मेहुणे त्याच विद्यापीठात प्राध्यापक आहेत, त्यांच्याकडून चार ओळी आणू, असा प्रस्ताव घरात दोन दिवसांत मंजूर झाला होता. बाईंनी तो एका वाक्यात फेटाळला: ज्याने मुलीला वर्गात शिकवलेले नाही, त्याचे पत्र तिच्याविषयी काहीच सांगत नाही, मात्र पालकांविषयी बरेच सांगते. प्रवेश कार्यालयाला वडिलांनी फोन करायचा नाही, प्रश्न असेल तर मुलीने स्वतः ईमेल पाठवायची, हेही त्यांनी बजावले. हे सारे सल्ले शाळेतही फुकट मिळू शकतात. पण शाळेतील काउन्सेलरवर मुलांचा भार किती असतो ते पाहावे. एका काउन्सेलरमागे २५० विद्यार्थी असावेत अशी त्यांच्या राष्ट्रीय संघटनेची शिफारस आहे, आणि बहुतेक राज्यांत प्रत्यक्ष सरासरी त्याहून बरीच जास्त आहे.

खरे मोल मात्र यादीच्या फेरमांडणीत होते. डिफरचे उत्तर डिसेंबरच्या मध्यावर येते आणि अशा बऱ्याच खासगी कॉलेजांच्या नियमित अर्जाची मुदत जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात संपते. मधल्या काळात नाताळच्या सुटीमुळे शाळेचे कार्यालय बंद असते, त्यामुळे गुणपत्रके पाठवण्याची विनंती सुटी लागण्यापूर्वीच नोंदवावी लागते. घरातील दुःख ओसरेपर्यंत ही खिडकी बंद झालेली असते. बाईंनी पत्राचा विषय बाजूला सारून आधी शाळेला विनंती पाठवायला लावली आणि मगच यादी हाती घेतली. बरीच कॉलेजे दरवर्षी ‘कॉमन डेटा सेट’ नावाचा तक्ता भरतात, आणि त्यातील सी-७ या भागात गुण, निबंध, शिफारस, अर्जदाराने दाखवलेला रस यांपैकी कशाला किती महत्त्व दिले जाते याच्या खुणा असतात. त्या खुणांवर बोट ठेवत त्यांनी आमच्या यादीतील चार नावे खोडली आणि दोन नवी घातली. हा तक्ता बहुधा इंटरनेटवर कोणालाही मिळतो, पण तो असा समोर ठेवून वाचायला आम्हांला तोवर कोणी शिकवले नव्हते.

मोठी तक्रार पैशांच्या बाबतीत आहे. राहण्याजेवणासह वर्षाचा जाहीर खर्च ९० हजार डॉलरच्या पुढे गेलेल्या संस्थांविषयी बोलताना, तुम्हांला किती परवडते हा प्रश्न पहिल्या दहा मिनिटांत यायला हवा. येथे तो आम्ही काढेपर्यंत आलाच नाही. उलट पहिल्याच बैठकीत ‘अर्ली डिसिजन टू’चा आग्रह सुरू झाला. अर्ली डिसिजनने केलेला अर्ज डिफर झाला की विद्यार्थी त्या बंधनातून मोकळा होतो, आणि टफ्ट्स, व्हँडरबिल्ट, एमरी यांसारख्या विद्यापीठांच्या जानेवारीतील दुसऱ्या बंधनकारक फेरीत उतरू शकतो. युक्ती म्हणून ते चूक नाही. पण ज्या घराला वेगवेगळ्या कॉलेजांच्या आर्थिक साहाय्याची तुलना करूनच ठरवायचे आहे, त्याने एका बंधनातून सुटून पंधरा दिवसांत दुसऱ्यात शिरावे कशासाठी? पहिल्या विद्यापीठावर जीव जडलेल्या मुलीला दुसऱ्याला ‘तुम्हीच माझी पहिली पसंती’ असे लिहायला लावणेही आम्हांला रुचले नाही. २००८ च्या कायद्याने कॉलेजांना आपल्या संकेतस्थळावर ‘नेट प्राइस कॅल्क्युलेटर’, म्हणजे साहाय्य वजा जाता घराला अंदाजे किती खर्च येईल ते सांगणारे साधन, ठेवणे बंधनकारक केले आहे. आम्ही घरी बसून तेच चालवले, आणि यादीतील दोन नावांपुढचे आकडे पाहून ती नावे आपोआप मागे पडली. बंधनकारक फेरीपुढे आम्ही नकार लिहिला, आणि तो बाईंनी कुरकुर न करता मान्य केला हे खरे.

ज्यांच्या मुलांची यादी सप्टेंबरपासून नीट आखलेली आहे, नियमित फेरीचे निबंध तयार आहेत आणि शाळेचा काउन्सेलर ईमेलला उत्तर देतो, त्यांनी या पॅकेजवर एक डॉलरही घालू नये. अर्ली डिसिजनच्या भरवशावर ज्यांनी बाकीचे अर्ज उघडलेलेही नाहीत, त्यांनी अशा व्यक्तीला तासाच्या हिशेबाने दोनतीन तासांसाठी नेमावे, तो वेळ केवळ यादी आणि मुदती यांवर खर्च करावा, आणि पत्र मुलांवर सोडावे. काही समुपदेशक तासावर काम करतात, परंतु जाहिरातीत ते लिहीत नाहीत, विचारावे लागते.

त्या विद्यापीठाने मार्चअखेर मुलीला वेटलिस्टवर टाकले. नव्या यादीतील एका कॉलेजने साहाय्यासह प्रवेश दिला, तरी राज्याच्या रटगर्स विद्यापीठाचा जाहीर खर्चच राज्यातील विद्यार्थ्यांना निम्म्याहून कमी पडत असल्याने १ मेपूर्वी तिने तेथे अनामत भरली. निकालाच्या दुसऱ्याच दिवशी समुपदेशक बाईंच्या कार्यालयाकडून ईमेल आली, तीत वेटलिस्टवरील मुलांसाठीचे वेगळे पॅकेज होते, ९५० डॉलरचे, नव्या पत्राच्या संपादनासह. मुलीने विद्यापीठाच्या पोर्टलवर ‘यादीत राहायचे आहे’ या चौकटीत खूण केली, चार ओळी स्वतः लिहिल्या, आणि आम्ही त्या ईमेलला आभारासह नकार कळवला.