दहा दिवसांचं मौन की रोजची एक ओळ?

मनातली चिडचिड आणि धास्ती ओळखायचे दोन मार्ग. पहिला, इगतपुरीच्या विपश्यना ध्यान शिबिरात दहा दिवस राहायचं. मौन, फोन जमा, पहाटे चारला घंटा. फी नाही. चिडचिड कशी उठते आणि आपोआप कशी विरते, हे तिथे बसल्या बसल्या दिसतं. घरी इतका निवांतपणा मिळत नाही. पण रत्नागिरीच्या आंबा बागायतदाराला एप्रिलात दहा दिवस काढायला सांगून बघा!

दुसरा मार्ग घरच्या पडवीतला. डोळे उघडताच मोबाईलवर वाशी बाजारातला आंब्याचा दर बघण्याआधी चहा ठेवायचा आणि वहीत एक ओळ लिहायची: आज धास्ती कसली? करपा रोग, अवकाळी पाऊस की बँकेचा हप्ता? धास्तीला नाव मिळालं की फवारणीच्या गड्यांवर उगाच खेकसणं कमी होतं. चहा रोज होतोच, म्हणून त्याला जोडलेली सवय टिकते. २१ दिवसांत सवय लागते ही मात्र थाप. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या २०१० मधल्या अभ्यासात सरासरी ६६ दिवस निघाले; कुणाला १८, कुणाला २५४. मधे एखादा दिवस चुकला म्हणून फारसं बिघडलं नाही.

माझा कौल वहीला. शिबिर पावसाळ्यात, बाग रिकामी झाल्यावर. झोपच उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर दोन्ही बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरांकडे जा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीतही बोलता येतं.