अँटेनाचा बूस्टर सात महिने वापरल्यावर, आणि त्याचा अॅडॉप्टर गेल्यावर

जानेवारीत एका रविवारी संध्याकाळी प्लेऑफची मॅच ऐन रंगात आलेली आणि घरातले चारही टीव्ही एका क्षणात गेले. वीज होती, टीव्ही चालू होते, पण स्क्रीनवर फक्त "नो सिग्नल". मुलाला वाटलं अँटेना पडला, म्हणून मी टॉर्च घेऊन अॅटिकमध्ये चढलो तर अँटेना जागच्या जागी, केबल घट्ट, सगळं व्यवस्थित. मग बेसमेंटमध्ये उतरलो तेव्हा दिसलं की बूस्टरच्या अॅडॉप्टरचा हिरवा दिवा बंद आहे. काडेपेटीपेक्षा थोडा मोठा असा तो डबा गेला आणि अख्ख्या घराचा टीव्ही गेला. तेव्हाच ठरवलं की यावर सविस्तर लिहायचं, कारण जूनमध्ये विकत घेताना मी जेवढे रिव्ह्यू वाचले त्यातल्या एकातही या अॅडॉप्टरबद्दल अवाक्षर नव्हतं.

आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. केबलचं बिल वाढत वाढत डोक्यावरून जायला लागलं तेव्हा मे महिन्यात ती बंद केली, इंटरनेट तेवढं ठेवलं. न्यूयॉर्कची मोठी चॅनेल्स एम्पायर स्टेट बिल्डिंग आणि वन वर्ल्ड ट्रेड सेंटरवरून येतात, माझ्या घरापासून सरळ रेषेत पंचवीसेक मैल. अॅटिकमध्ये यूएचएफ आणि हाय व्हीएचएफ (टीव्हीचे दोन फ्रिक्वेन्सी पट्टे) दोन्ही पकडणारा अँटेना ईशान्येला तोंड करून लावला. केबलवाल्यांनी पूर्वी टाकलेली आरजी-6 वायर (टीव्हीची गोल केबल) भिंतीतून चारही खोल्यांत गेलेलीच होती, तीच वापरली, आणि बेसमेंटमधला त्यांचा जुना स्प्लिटर, म्हणजे एका केबलच्या अनेक वाटा करणारा डबा, तोसुद्धा तसाच ठेवला. (या स्प्लिटरकडे नंतर येतो, खरी गोष्ट तिथेच आहे.) अँटेनाजवळ 26 डीबीचा (डीबी म्हणजे सिग्नल किती वाढला-घटला ते मोजायचं माप) प्रीअँप, म्हणजे आपल्या भाषेत बूस्टर, 64 डॉलरचा.

लहानपण पुण्यात गेलं, त्यामुळे बूस्टर हा शब्द माझ्या डोक्यात पक्का बसलेला. तेव्हा पुण्यात सगळ्यांचे अँटेने सिंहगडाकडे तोंड करून असायचे, चित्रात मुंग्या आल्या की बाबा गच्चीवर जायचे, मी जिन्यात उभा राहून "आलं, आलं, गेलं" असं ओरडायचो, आणि ज्यांना फारच मुंग्या यायच्या ते बूस्टर लावायचे. त्यामुळे बूस्टर लावला की जास्त पकडतं ही समजूत घेऊनच मी इथे खरेदी केली. डिजिटलमध्ये मुंग्या नसतात हे मात्र लक्षात घ्यायला हवं. इथल्या एटीएससी, म्हणजे डिजिटल टीव्हीच्या, सिग्नलला नॉइजपेक्षा (नको असलेल्या विद्युत गोंगाटापेक्षा) साधारण 15 डीबी वर राहावं लागतं, तेवढं असलं की चित्र आरशासारखं स्वच्छ, त्याच्या जरा खाली गेलं की चौकोन चौकोन आणि मग काहीच नाही. मधली पायरीच नाही. त्यामुळे आपण काठावर आहोत की काठापासून लांब आहोत हे नुसतं चित्र बघून कळत नाही.

पहिले दीड-दोन महिने मी खूप खूश होतो. पन्नासच्या वर चॅनेल्स स्कॅन झाली, फिलाडेल्फिया आमच्या मागच्या बाजूला असूनही तिथलीही दोन आली, आणि चित्र तर केबलपेक्षा चांगलं, कारण केबलवाले जेवढं कॉम्प्रेस करतात तेवढं इथे होत नाही. जूनमध्ये आई-बाबा आले सहा महिन्यांसाठी, त्यांच्या खोलीत चौथा टीव्ही लावला. तेव्हा मी याला बिनधास्त पाच स्टार दिले असते.

मग बाबांची तक्रार सुरू झाली. त्यांना संध्याकाळी साडेसहाच्या बातम्या 7 नंबरवर बघायची सवय लागलेली आणि नेमकं 7 फुटायचं. "अरे, बाकी सगळं दिसतंय, हेच का नाही दिसत?" मी टीव्हीच्या मेन्यूत जाऊन मीटर बघितला तर स्ट्रेंग्थ 95 आणि क्वालिटी 30. सिग्नल भरपूर आणि तरी चित्र नाही. मी आधी अँटेना हलवला, केबल बदलली, कनेक्टर नवे लावले, दोन रविवार अॅटिकमध्ये घामाघूम झालो आणि फरक शून्य.

कारण सापडलं ते सांगतो, कोणाचे तरी दोन रविवार वाचतील. टीव्हीवर दिसणारा नंबर आणि खरी फ्रिक्वेन्सी यांचा आता काही संबंध राहिलेला नाही, 2 नंबरचं सीबीएस प्रत्यक्षात 36 नंबरच्या फ्रिक्वेन्सी पट्ट्यावर आहे, 4 नंबरचं एनबीसी 35 वर. पण 7 हे खरोखर 7 वरच आहे, 11 हे 11 वर, आणि 13 नंबरचं पब्लिक टीव्ही 12 वर. हे सगळं हाय व्हीएचएफ, म्हणजे 174 ते 216 मेगाहर्ट्झ. आता एफएम रेडिओ बघा, 88 ते 108. त्याची दुप्पट करा, 176 ते 216, म्हणजे जवळजवळ तोच पट्टा. बूस्टरमध्ये एफएमचा जोरदार सिग्नल घुसला की तो बूस्टर ओव्हरलोड होऊन स्वतःच दुप्पट फ्रिक्वेन्सीचा कचरा तयार करतो, आणि तो कचरा बरोबर 7 ते 13 वर जाऊन पडतो. 88 ते 90 मधलं एखादं स्टेशन घराजवळ असेल तर 7 गेलंच म्हणून समजा. हा कचरा हवेत नसतो, आपल्याच डब्यात तयार होतो, त्यामुळे अँटेना कितीही फिरवा.

बूस्टरमध्ये एफएम ट्रॅप, म्हणजे एफएम अडवणारा फिल्टर, होता. झाकणाखाली नखाएवढा पांढरा सरकता स्विच, एका बाजूला "इन" आणि दुसऱ्या बाजूला "आउट". मला वाटलं इन म्हणजे एफएम आत येऊ द्या आणि आउट म्हणजे बाहेर ठेवा. अर्थ बरोबर उलटा आहे, इन म्हणजे ट्रॅप सर्किटमध्ये आहे, म्हणजे एफएम बंद. माहितीपत्रकात याबद्दल एक ओळ नाही. स्विच पेनाच्या टोकाने सरकवला आणि खालून बाबांचा आवाज आला, "आलं!" इतक्या वर्षांनी जागा बदलून आम्ही तेच करत होतो, मला फार बरं वाटलं.

थोडा त्रास राहिला होता तो वरच्या पॅसेजमधल्या स्वस्त एलईडी बल्बांचा निघाला, ते लावले की 7 ची क्वालिटी 15-20 ने खाली. बल्ब बदलले, संपलं.

आता अॅडॉप्टर. प्रीअँप वर अँटेनाजवळ असतो पण त्याला लागणारी वीज खालून त्याच केबलमधून वर पाठवतात, त्यासाठी मध्ये पॉवर इन्सर्टर नावाचा छोटा डबा. तो स्प्लिटरच्या आधी लावावा लागतो, नंतर लावला तर बहुतेक स्प्लिटर वीज वर जाऊच देत नाहीत. माझ्या मॉडेलमध्ये अॅडॉप्टरची वायर थेट त्या इन्सर्टरमध्ये साच्यातून ओतलेली आहे, पिन नाही, प्लग नाही, काही नाही. म्हणजे अॅडॉप्टर गेला तर बाजारातून 8-10 डॉलरचा दुसरा आणून लावायची सोयच ठेवलेली नाही. ऑक्टोबरमध्ये हात लावला तेव्हा तो चांगलाच गरम लागला होता, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. जानेवारीत मल्टिमीटर लावला, लेबलवर 15 व्होल्ट, मीटरवर 0.4. आणि वीज नसलेला प्रीअँप सिग्नल नुसता पुढे ढकलून देत नाही, अडवतो. लावलाच नसता तर दिसलं असतं, पण लावून बंद पडला की काहीही दिसत नाही. त्यात माझ्या मुलाने घाईघाईत टीव्हीवर परत स्कॅन मारला आणि होती ती सगळी यादी पुसली गेली, शून्य चॅनेल्स. सिग्नल नसताना स्कॅन कधीही करू नका.

कंपनीला मेल केला. एक वर्षाची वॉरंटी होती, सात महिने झालेले. पहिलं उत्तर, बिल पाठवा. पाठवलं. दुसरं उत्तर, सीरियल नंबरचा फोटो पाठवा, आणि नंबर आहे प्रीअँपच्या पोटाखाली, अॅटिकमध्ये, अँटेनाच्या दांडीला झिप टायने बांधलेल्या डब्यावर, बाहेर बर्फ पडलेला. गेलो, काढला फोटो. तिसरं उत्तर, पूर्ण सेट आमच्या पत्त्यावर स्वखर्चाने पाठवा, तपासून ठरवू. मी लिहिलं की प्रीअँप चांगला आहे, फक्त अॅडॉप्टर पाठवा, हवं तर त्याचे पैसे घ्या. तर म्हणे तो भाग सुटा विकत नाही. 64 डॉलरच्या वस्तूचा 5 डॉलरचा अवयव मरतो आणि तुम्ही तो सुटा देत नाही, हे मला अजिबात पटत नाही. आपल्याकडे मिक्सरचं कपलिंग गेलं तर कोपऱ्यावरचा माणूस बदलून देतो, त्यासाठी कोणी मिक्सर फेकत नाही. मी तेरा मेल केले. सगळे नीट, नम्र भाषेत, पण मागे हटलो नाही.

तोवर टीव्ही तर हवा होता. प्रीअँप काढला आणि दोन्ही केबल एका बॅरल कनेक्टरने सरळ जोडल्या, दीड डॉलरचा तुकडा. मला वाटत होतं एखाद-दोन चॅनेल्स येतील. तीन टीव्हींवर सगळं आलं! फिलाडेल्फियाची दोन गेली, ती आम्ही तशीही बघत नव्हतो. फक्त चौथ्या, म्हणजे बाबांच्या खोलीतल्या टीव्हीवर 7 आणि 13 तुटत होतं. माझं मत इथून बदलायला लागलं.

वही घेऊन हिशोब मांडला, जो जूनमध्येच मांडायला हवा होता. दोन वाटांच्या स्प्लिटरला प्रत्येक वाटेत साडेतीन डीबी जातात, चार वाटांच्या स्प्लिटरला 7, आठच्या स्प्लिटरला जवळपास 11. शंभर फूट आरजी-6 मध्ये यूएचएफला पाचेक डीबी आणखी. 3 डीबी गेले की सिग्नल निम्मा, 7 गेले की पाचवा हिस्सा, 11 गेले की बारावा. आणि बेसमेंटमधला तो केबलवाल्यांचा जुना स्प्लिटर मी पहिल्यांदा टॉर्च मारून नीट बघितला. आठ वाटांचा होता. चार वायरी लावलेल्या आणि चार तोंडं उघडी, टर्मिनेटरसुद्धा (रिकाम्या तोंडावर लावायचं टोपण) नाही. चार टीव्हींसाठी मी सिग्नलचे आठ वाटे करत होतो, त्यातले चार हवेत सोडत होतो, आणि तो तोटा भरून काढायला 64 डॉलरचा बूस्टर लावला होता जो वर एफएमचा कचरा तयार करत होता.

आठ डॉलरचा चार वाटांचा स्प्लिटर आणला. तांब्याच्या रंगाचा डबा, पाठीवर प्रत्येक तोंडाला 7 डीबी असं कोरलेलं. लावला. चौथा टीव्ही स्वच्छ. 7 ची क्वालिटी 30 वरून 82, सीबीएस 90 च्या वर. आता घरात कुठेही बूस्टर नाही, अॅडॉप्टर नाही, वीज खाणारी एकही गोष्ट नाही, बंद पडण्यासारखं काही उरलेलंच नाही.

तरी प्रीअँप वाईट असं मी म्हणणार नाही. तो सिग्नल ओढून आणत नाही, अँटेनावर जेवढा पडतो तेवढाच असतो, पुढे केबलमध्ये आणि स्प्लिटरमध्ये जे गळतं ते आधीच भरून ठेवणं हे त्याचं काम. तुम्ही पन्नास-साठ मैलांवर असाल आणि मूळ सिग्नलच कमी असेल तर तो हवाच, आणि अँटेनाच्या जितका जवळ लावाल तितका चांगला, कारण केबलमध्ये सिग्नल नॉइजमध्ये बुडाला की नंतरचा बूस्टर दोन्ही सारखेच वाढवतो. मोबाइल टॉवर जवळ असेल तर मोबाइलचे सिग्नल अडवणारा एलटीई फिल्टरही बघून घ्या, 2020 पासून टीव्ही 36 नंबरवर, म्हणजे 608 मेगाहर्ट्झला संपतो आणि 617 पासून मोबाइलवाले सुरू होतात, पण जुने बूस्टर 698 पर्यंत सगळंच वाढवत बसतात. घ्यायच्या आधी रॅबिटइअर्स या वेबसाइटवर आपल्या पत्त्यावर कुठली चॅनेल्स किती जोरात येतात त्याचा रिपोर्ट काढा, फुकट आहे, मी काढला असता तर माझे 64 वाचले असते.

फेब्रुवारीच्या शेवटी कंपनीने अचानक पूर्ण नवा सेट पाठवला, जुना परत न मागता. अॅडॉप्टर तोच, तसाच साच्यातून ओतलेला. मी तो उघडून मीटर लावून बघितला, 15.2 व्होल्ट, चालू आहे. प्रीअँप आता दोन आहेत आणि मला एकही नको. टॉम्स रिव्हरच्या बाजूला किंवा पोकोनोजच्या डोंगरांत, म्हणजे टॉवरपासून लांब, कोणी राहत असाल आणि खरंच गरज असेल तर एडिसनला येऊन घेऊन जा, पैसे नकोत, फक्त एफएमचा स्विच मी "इन" वर ठेवलाय तो तसाच राहू द्या.