कापरोधक हातमोजे: सुपरमार्केटमधील वापरानंतरचे मत

खोकी फोडणे, चीज कापणे आणि काचेच्या बाटल्या मांडणे ही कामे करणाऱ्या आमच्या कर्मचाऱ्यांसाठी आम्ही एचपीपीई (अतिमजबूत पॉलिइथिलीन) धाग्याचे, तळव्याला पॉलियुरेथेनचा लेप असलेले हातमोजे घेतले. युरोपीय मानक ईएन 388 नुसार त्यांची कापरोधकता ‘डी’ श्रेणीची आहे, म्हणजे प्रमाणित चाचणीत ते कापण्यासाठी पातीवर किमान 15 न्यूटन जोर द्यावा लागतो. कटरची पाती पुठ्ठ्यावरून निसटून एका सहकाऱ्याच्या डाव्या तर्जनीवर आली, तेव्हा वरचे धागे विस्कटले, पण कातडी शाबूत राहिली. या एकाच गोष्टीसाठी मी त्यांची मनापासून शिफारस करीन.

बोटाची कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा दोरीसारखा पट्टा) तुटलेला माणूस जवळून पाहिला की या मोज्यांचे मोल कळते. वरून जखम लहान दिसते, पण बोट वाकत नाही. शस्त्रक्रियेनंतर कित्येक आठवडे स्प्लिंट, रोजचे नेमून दिलेले व्यायाम, आणि जड वजन उचलण्यापूर्वी साधारण तीन महिन्यांची वाट. ईएसआयचा (कर्मचारी राज्य विमा योजनेचा) विमा असलेल्या कर्मचाऱ्याला कामावरील अशा दुखापतीत सरासरी वेतनाच्या 90 टक्के लाभ मिळतो, त्यामुळे अपघाताची नोंद त्याच दिवशी व्हायला हवी.

उणिवाही आहेत. सुरीचे टोक किंवा काचेची अणी या मोज्यांतून आरपार जाऊ शकते, आणि तेलकट बरणीवर पकड सुटते. खिमा यंत्राजवळ तर ते अजिबात घालू नयेत, कारण धागा अडकल्यास हातच आत ओढला जातो. माप सैल असले तर बोटांची टोके लोंबतात, म्हणून प्रत्येकाचा हात मोजूनच मागवावेत.