एनजीके बी८ईएस: रोटॅक्ससाठी प्लग उत्तम, पण डब्यातून काढून थेट लावायचा नाही

रोटॅक्स ५०३ आणि ५८२ या मायक्रोलाइटच्या (म्हणजे अगदी हलक्या छोट्या विमानाच्या) टू-स्ट्रोक इंजिनांना दर सिलिंडरला दोन, असे चार स्पार्क प्लग लागतात आणि त्यांचा नेहमीचा प्लग म्हणजे एनजीकेचा बी८ईएस. किंमत, उपलब्धता आणि काम या तिन्ही बाबतींत तो इतका चोख आहे की दुसरं काही शोधत बसायची गरज नाही. चारही प्लगचा खर्च एका टाकी पेट्रोलपेक्षा कमी येतो. त्याच्याबद्दल ज्या तक्रारी ऐकू येतात त्यांतल्या बहुतेक चुकीचा नंबर घेतल्याच्या किंवा घाईत बसवल्याच्या असतात.

आधी नंबर नीट वाचावा. बी म्हणजे १४ मिमी व्यासाचे आटे, ८ ही हीट रेंज, म्हणजे प्लग आपली उष्णता किती लवकर बाहेर सोडतो त्याचा आकडा, ई म्हणजे आट्यांची लांबी १९ मिमी. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर नुसतं ‘आठ नंबरचा प्लग द्या’ म्हटलं तर हातात बी८एचएस पडू शकतो. दिसायला सख्खा भाऊ, पण आटे १२.७ मिमीचेच. तो हेडमध्ये (सिलिंडरच्या वरच्या झाकणात) बसतो, इंजिन चालूही होतं, पण ठिणगी खोबणीत आत राहते आणि खालचे उघडे आटे कार्बनने भरतात. पुढे बरोबर लांबीचा प्लग लावायला जावं तर तो अर्ध्यावर अडकतो. मध्ये पी असलेला बीपी८ईएसही नको, त्याचं टोक जास्त बाहेर आलेलं असतं. आणि एनजीकेत आकडा वाढला की प्लग थंड, म्हणजे उष्णता लवकर सोडणारा, बॉशमध्ये नेमकं उलटं. त्यामुळे कंपनी बदलताना आकड्यावरून अंदाज बांधू नये.

आर असलेल्या बीआर८ईएसमध्ये सुमारे ५ किलोओहमचा रेझिस्टर असतो. प्लगच्या टोकावर बसणाऱ्या वायरच्या टोपीत, म्हणजे प्लग कॅपमध्येही ५ किलोओहम असेल तर बेरीज दहा होते. रेडिओतली खरखर कमी होते, पण दोरी ओढून सुरू करताना फेरे कमी असतात आणि ठिणगी आधीच अशक्त असते, हे लक्षात ठेवावं. कॅप रेझिस्टरची असेल तर साधा बी८ईएस पुरे.

वरच्या टोकाकडेही बघा. एका प्रकारात तिथला नट आट्यांवर फिरून निघतो, दुसऱ्यात तो अखंड असतो. कॅप नटावर बसणारी असेल तर अखंड टोकाचाच घ्यावा. फिरणारा नट थरथरीने सैल होतो, कॅपच्या आत खुळखुळतो आणि इग्निशनच्या दोन सर्किटांपैकी एक अधूनमधून मरतं. हा दोष जमिनीवर सापडता सापडत नाही.

बनावट माल बाजारात आहेच. अस्सल प्लगचा वॉशर सहज फिरवून काढता येत नाही, छपाई स्वच्छ असते, आटे गुळगुळीत असतात आणि मधला इलेक्ट्रोड बरोबर मध्यावर असतो. यातलं एकही जुळलं नाही तर प्लग परत करावा.

आता गॅप, म्हणजे ठिणगी पडते ते दोन इलेक्ट्रोडमधलं अंतर, कारण खरी गोम इथेच आहे. डब्यातून प्लग साधारण ०.७ ते ०.८ मिमी गॅपवर येतो. रोटॅक्सला हवा ०.४ ते ०.५. बाजूचा इलेक्ट्रोड लाकडी ठोकळ्यावर अगदी हलका टेकवून गॅप कमी करावा. ०.४५ मिमी जाडीची मापाची फिलर पट्टी किंचित घासत जाईल, पण अडणार नाही, इतका. मधल्या इलेक्ट्रोडवर जोर देऊन काहीही उचकटू नये, आतलं सिरॅमिक तडकतं आणि ती चीर बाहेरून दिसत नाही. फरशीवर पडलेला प्लग सरळ टाकून द्यावा. मिनिटाला ६००० फेऱ्यांना प्लगला सेकंदाला किमान शंभर ठिणग्या द्याव्या लागतात, त्यात मोठ्या गॅपचं ओझं नको.

बसवताना इंजिन पूर्ण गार, इग्निशन बंद. जुना प्लग काढण्याआधी भोवतालची धूळ हवेने उडवावी, नाहीतर ती थेट सिलिंडरमध्ये जाते. नवा प्लग पान्याने सुरू करू नये. फ्युएल पाइपचा वीतभर तुकडा सिरॅमिकवर चढवून त्याने फिरवावा. आटे तिरके लागले तर पाइपच घसरतो, ॲल्युमिनियमचं हेड वाचतं. वॉशर टेकेपर्यंत हातानेच, मग टॉर्क रेंचने (ठरावीक जोरानेच आवळणाऱ्या पान्याने) २७ न्यूटन मीटर. रेंच नसेल तर नव्या प्लगला वॉशर टेकल्यावर अर्धा ते दोन तृतीयांश फेरा. पुन्हा लावलेल्या प्लगचा वॉशर आधीच चेपलेला असतो, त्याला इतका फेरा दिला तर आटे ताणतात. पण नागदेवी स्ट्रीटवर टॉर्क रेंच मिळतो, तो घ्याच. प्लगची उष्णता वॉशर आणि आट्यांतून हेडमध्ये जाते. प्लग सैल राहिला तर टोक तापून लाल होतं, पेट्रोल-हवेचं मिश्रण ठिणगीआधीच पेटतं आणि पिस्टनला भोक पडतं. आट्यांना ग्रीस लावण्याची सवयही सोडावी. एनजीकेच्या आट्यांवर मुलामा असतो, वंगण लागलं की तोच टॉर्क प्रत्यक्षात जास्त पडतो.

मुंबईत परवानगीशिवाय मायक्रोलाइट आणि पॅरामोटर (पाठीवरच्या इंजिनाचं पॅराग्लायडर) उडवायला बंदी करणारे पोलिसांचे आदेश वरचेवर निघतात. त्यामुळे इंजिन शहरात आणि उड्डाण बाहेर, असा टेम्पोचा प्रवास ठरलेला. उतरवल्यावर चारही कॅप ओढून बघाव्यात. मग इंजिन गरम करून दोन इग्निशनपैकी एकेक बंद करून बघावं. मिनिटाचे फेरे ३०० पेक्षा जास्त पडले तर उडायचं नाही.

दर २५ तासांनी चारही बदलावेत, मधे साडेबारा तासांनी काढून बघावेत. फिकट तपकिरी रंग ठीक. काळा, ओला असेल तर मिश्रण किंवा तेल जास्त. पांढरा पडून त्यावर ॲल्युमिनियमचे बारीक मणी दिसले तर इंजिन तिथेच थांबवा, पिस्टन वितळायला लागलाय. इंजिन उलटं बसवलेलं असेल आणि प्लग खाली तोंड करून असतील तर तेल त्यांच्यावरच साचतं, तिथे नजर अधिक ठेवावी लागते.

पावसाळ्यात जून ते सप्टेंबर यंत्र पडून राहतं आणि इथली खारट दमट हवा प्लगच्या लोखंडी अंगाला गंज आणते. इंजिन झाकण्याआधी इग्निशन बंद करून प्लग काढावेत, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं टू-स्ट्रोक तेल सोडावं, प्रॉपेलर हाताने सावकाश फिरवावा आणि जुने प्लग परत लावून ठेवावेत. स्टार्टरने फिरवायचं असेल तर काढलेले प्लग कॅपला जोडून इंजिनला टेकवलेले हवेत, नाहीतर ठिणगीची वीज पुरवणारं सीडीआय युनिट जळू शकतं. नवा संच ऑक्टोबरमध्ये, तोवर डबे सिलिका जेलसह हवाबंद डब्यात.